तांबडी रेघ

हिंडलग्याच्या जेलात, कांबळी विणायच्या खोलीत
आता सात कॉम्प्युटर.
मागांच्या खिळ्यांची भोकं फरशीत अजून तशीच.
इंटरनेट नाही. खिडकी आहे, तीही वर.

हिरेमठ मॅडम म्हणाल्या, आपापलं नाव टाइप करा.
विळ्याची मूठ ओळखणारी बोटं
'भ' हुडकत राहिली पाच मिनिटं.
बटणांवर कन्नड, पडद्यावर मराठी,
दोन्हीच्या मधे मी,
ते तर जन्मापासूनच.

भावकू मष्णू तरळे. मु. पो. बेळगुंदी.
लगेच खाली तांबडी रेघ.
हात झटकन मागे घेतला,
सवयच तशी.
"तप्पिल्ला," मॅडम हसल्या,
"चूक नाही हो. त्याला तुम्ही ठाऊक नाही, अष्टे.
शब्दकोशात घाला."
घातलं.
रेघ गेली.

बाराव्या वर्षी सुटलो.
गणपत गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानात
मालकानं एक अर्ज पुढ्यात टाकला,
बोटांकडे बघत राहिला.
"कुठं शिकलास बा हे?"

सांगितलं.

पंखा तेवढा फिरत होता.
गिऱ्हाईक सुट्टे मोजत उभं.
मालकानं चष्मा पुसला, परत पुसला,
मग म्हणाला,
"वर 'श्री' घाल की आधी.
मधोमध."