चढता आकडा, भाग दोन

पिग्मीच्या फॉर्मवर एक रकाना असतो : बचतीचा उद्देश.
लोक लिहितात पोरीचं लग्न, स्लॅब, मोटारपंप.
शालिक उईकेनं लिहिलं होतं
भाग दोन.

मी विचारलं नाही. एजंटानं विचारू नये.
रोज एक रुपया.
बाकीच्यांनी दहाचे पन्नास केले, ह्याचा एकच,
पोळ्याच्या करीलाही खाडा नाही.
मुदत भरली की म्हणायचा, "फिरवून टाक."

सत्त्याण्णव साली बोरीच्या पत्र्याच्या टॉकीजात
तो मशीन चालवायचा. मी पाच रुपयांच्या बाकावर.
'चढता आकडा' : काचेची इमारत, शेअरांचा दलाल,
दोन कानांना दोन फोन,
आणि आम्ही, ज्यांना बोनस म्हणजे
जिनिंगवाल्याचा दिवाळीचा डबा एवढंच ठाऊक,
भाव चढला की शिट्या मारत होतो.
शेवटी त्यानं होतं नव्हतं ते एका आकड्यावर लावलं.
मेजावरचा फोन वाजला.
त्यानं हात पुढं केला

आणि पडदा पांढरा.
मग काचेच्या स्लाइडवर तिरकी अक्षरं :
भाग दोन लवकरच.

तो शब्द गावात राहायलाच आला.
नाल्यावरचा पूल कधी? लवकरच.
पंचफुलाबाईचा नवरा सुरतेहून कधी येतो? लवकरच.
पतसंस्थेचा हप्ता चुकवणारे मला हेच ऐकवायचे,
दलालासारखा हात पुढं करून.

यंदा खरंच आला.
सत्तावीस वर्षांनी, पेपरात अर्धं पान.
शालिकनं खातं मोडलं, तेवीस हजार दोनशे,
क्रूझर ठरवली,
त्या रात्रीच्या खेळाचे जे सापडले ते भरले,
अकरा जण, यवतमाळ.
थंडगार हॉल. खुर्ची मागं कलते म्हणून
दादाराव ढोक पहिली दहा मिनिटं घाबरलेला.
शालिक वळून वळून वरच्या खिडकीकडं बघत होता.
तिथं कोणी नव्हतं.

सिनेमा सुरू झाला जेलच्या फाटकावर.
दलाल बाहेर येतो, दाढी पांढरी,
हातात कापडी पिशवी.
"हा आत कवा गेला?" पंचफुलाबाई मोठ्यानं.
कोणालाच माहीत नव्हतं.
पुढं मोबाइलवर कोटींची उलाढाल झाली,
नोटेला बोट कोणीच लावलं नाही,
थुंकी लावून मोजणारा एक माणूस नाही,
आणि तो फोन कोणाचा होता
हे अडीच तासांत कोणी बोललं नाही.

लाडखेड फाट्यावर चहा.
शालिक कप हातात धरून, पीत नाही.
"आखरीचा डबा आलाच नव्हता," म्हणाला.
"अमरावतीची यष्टी चुकली. तेरा डबे होते.
तुमी खुर्च्या मोडल्या असत्या.
म्या काचीवर लिवलं, बॅटरीच्या उजेडात."

ट्रक गेले दोन-तीन.
"म्हणजे भाग दोन येनार होता का नव्हता?"
"मले काय माहीत, बाप्पा. मीच बोललो,
मंग मलेच वाट पाहा लागली."

दादाराव म्हणाला, "माहे पैसे वापस दे. याजासकट."
सगळे हसले. मी हिशोब केलाच, सवय :
पाच रुपये, चौदातला एक डबा,
नऊ टक्के, सत्तावीस वर्षं,
माणशी तीन रुपये सहासष्ट पैसे.
चहा दहाचा होता. चहात फिटलं.

गाडी निघताना विचारलं,
"अन् थो डबा? मागाहून तरी आला असंन."
"दुसऱ्या दिसी आला. सकाळच्या यष्टीनं."
"मंग?"
"तसाच वापस धाडला. उघडला नाही.
तुमी पाह्यलं नाही, म्या एकट्यानं कसं पायचं?"

मागच्या सीटवरून पंचफुलाबाई :
"बायकोचा असंन फोन.
जेवाले ये म्हनत असंन."