बिऱ्हाड

सोतोमायोर चौकात लाल छत्री उघडून
ती पोरगी तीन दिवस उभी आहे.
पहिले तीन महिने फुकट, म्हणते,
पुढे दरमहा हजार पेसो कमी,
आणि आवाज असा, की गिटारच्या तारेवर
बोट सरकल्याचंसुद्धा ऐकू येतं.
गाणाऱ्याच्या हातातही दोन पैसे जास्त पडतात म्हणे.

मी बंदरावर क्रेन चालवतो, बाई.
चाळीस मीटर उंच, काचेच्या डब्यात.
माझे कान गिअरबॉक्सने घडवलेत,
तारेवरचं बोट मला कशाला ऐकू येतंय.
पण हजार पेसोंत अर्धा किलो पाव येतो,
त्यामुळे मी लगेच पुढेही जात नाही.

तिच्या हातात तक्ता: येणार, नाही येणार, बघू म्हणाले.
माझ्या नावाची रेघ तिसऱ्या रकान्यात.

खरं सांगायचं तर निकालपत्रात सगळं होतं.
शिवणयंत्र तिचं, हीटर माझा,
कुत्रा एक आठवडा इकडे, एक तिकडे.
फॅमिली प्लॅन तेवढा कुणाच्या लक्षात आला नाही,
ना वकिलाच्या, ना न्यायाधीशबाईंच्या.
सहा वर्षं दर नऊ तारखेला
माझ्या कार्डातून एक अख्खं कुटुंब वजा होतं:
मी, फ्रेसिया,
रायेन, जी आता कोन्सेप्सिओनला शिकते,
माझी आई, जिला वाल्सशिवाय झोप नाही,
स्वयंपाकघरातला टॅब, जो केव्हाच फुटला,
आणि गेली दोन वर्षं कुणी एवारिस्तो.
हा माझ्या कुटुंबात कसा, ते मी विचारलं नाही.
गृहस्थ सभ्य असावा. कधी तक्रार नाही.

आणि एक सामाईक यादी आहे, 'रविवार' नावाची.
ती एखादं गाणं टाकते, मी एखादं टाकतो.
चिठ्ठी नाही, फोन नाही.
ऑगस्टात तिनं नुसत्या बासरीचं काहीतरी टाकलं
आणि मला कळलं, तिचा भाऊ गेला.
तीन दिवसांनी मीही एक टाकलं.
काय बोलणार.

याद्यांचं काय होतं, मी पोरगीला विचारलं.
सगळ्या येतात, काका. शंभरातली चौऱ्याण्णव गाणी तर नक्कीच.
आणि दोघांची असेल तर?
तिची नक्कल होते. तुमची एकट्याची.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, खरंय,
पण विंचू एकटा असतो
हे म्हणीत कुणी सांगत नाही.

नको म्हटलं.
मी उठलो तर पाच माणसं मुकी होतील,
त्यातलं एक फुटकं टॅब असलं म्हणून काय झालं.
लिफ्टने टेकडी चढताना
स्वतःबद्दल जरा बरंच वाटत होतं.

गुरुवारी बघतो तर यादीत चारच नावं.
फ्रेसिया नाही. एवारिस्तोही नाही.
'रविवार'मधली तिची गाणी जागच्या जागी,
फक्त शेजारच्या अक्षराऐवजी राखाडी गोल.
मी ज्यासाठी रात्र जागवली
ते तिनं, मला वाटतं, पाव घेऊन घरी जाता जाता
छत्रीखाली उभ्या उभ्या उरकलं.
रागही नीट येईना.
पैसे तिचे नव्हतेच, राग कशाचा धरायचा?

आज सकाळी धुक्यात मी वर बसलेलो,
हुकाला वीस टन सफरचंदं,
आणि फोन उजळला:
*फ्रेसिया यांनी तुम्हाला कुटुंबात बोलावलं आहे.
एक जागा शिल्लक.
स्वीकारा. नाकारा.*

हे शब्द तिचे नाहीत, एवढं मला कळतं.
यंत्र सगळ्यांना असंच बोलावतं.
पण माझा नंबर तर तिनंच टाकला असणार,
एकेक आकडा, की सगळ्यांना एकदम?

हातमोज्यातलं बोट पडदा ओळखत नाही.
मोजा दातांत धरावा तर दुसरा हात दांड्यावर,
पेटी अधांतरी, गोल गोल फिरतेय हळूहळू,
आणि खाली निबाल्दो, मुंगीएवढा,
दोन्ही हात हलवतोय:
सोड की, कुणाची वाट बघतोयस!