तीन फूट बोळ

वडगावातलं आमचं घर अठरा फूट रुंद,
साठ फूट लांब. लुगड्याच्या घडीसारखं,
हातात अरुंद, उलगडायला लागलं की संपत नाही.
बाबांचे दोन माग सोप्यात चालायचे,
त्या खडखडाटात आम्ही तिघं ओरडून बोलायला शिकलो.
माग मोडीत गेले. आवाज तेवढाच राहिला.

कल्लाप्पादादानं आधी मधे पत्रा मारला,
मग जोतिबानं मीटर वेगळं मागितलं.
एका नळाला दोन पायपा,
आणि पाणी आठ दिवसांतून एकदा,
तेही रात्री दोनला.

मला सौंदत्तीहून बोलावलं ते सहीला.
"मालू, तू हक्क सोड, म्हणजे आमचं मिटतंय बघ."
हे दोघांनी एका सुरात म्हटलं,
दोन वर्षांत पहिल्यांदा.

मोजणीदाराचा माणूस आला नव्हता.
टेपचं एक टोक दादानं धरलं, एक जोतिबानं.
ढिला पडला की आकडा चुकतो,
म्हणून दोघं ताणून उभे, साठ फुटांवरून
एकमेकांकडे बघत. बघावंच लागलं.
चहा दोन गॅसवर झाला,
मोजणीदाराला दोन्ही कप संपवावे लागले.

मी म्हटलं, सोडत नाही.
तिसरा हिस्साही नको.
उंबऱ्यापासून मोरीपर्यंत मधला बोळ द्या,
तीन बाय साठ, माझ्या नावावर.
"काय करणार त्यात? आडवं पडायलाही येत नाही."
म्हटलं, चालायचं.

कागद कानडीत. ते बाजारापुरतं बोलतात,
वाचायला मीच, पोरांच्या पुस्तकातनं शिकलेली.
रजिस्ट्रारच्या बाहेर बाकावर ओळ न् ओळ वाचली.
काहीही सांगितलं असतं,
तरी दोघं मान हलवतच होते.
"मने" आलं, घर. जोतिबा म्हणाला,
"मनं पण वाटणार काय आता?"
हसला, मग दादाकडे बघून थांबला.
"दारी" आलं. म्हटलं, वाट.
दादा पुटपुटला, "आपल्यात दारी म्हणजे दारात."
आतून आमचा नंबर पुकारला.

परवा दादाचा फोन,
"जोत्या तुझ्या जागेत सायकल लावतोय."
म्हटलं, भाडं घे त्याच्याकडनं. पाणी आलं काय?
"रात्री आलं. हा झोपलेला.
त्याच्या घागरी पण मीच भरलो.
तुझ्या बोळात ठेवलोय सगळ्या.
पाय टाकायला जागा नाही बघ."