पोस्त

मुलीने तिकीट काढलंय. अकरा दिवस, सात देश.
टूरवाल्यांनी एक पिवळा कागद दिलाय:
स्वेटर, गोळ्या, प्लगची पिन,
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात,
ड्रायव्हर-गाईडसाठी माणशी रोज दोन युरो.
ऐच्छिक, असं लिहून
त्याखाली जाड रेघ मारली आहे.

चौतीस वर्षं मी उभादांड्यात पत्रं वाटली.
ऐच्छिक म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.
दिवाळीच्या आदल्या दिवशी माझी सायकल
मुद्दाम हळू चालायची.
कुणी पाच रुपये, कुणी सोललेला नारळ,
वखारवाल्या केळुसकरांकडून दरवर्षी कॅलेंडर,
चालू सालचं, दोन महिने उरलेलं.
मी म्हणायचो, कशाला, कशाला,
आणि झोळीचं तोंड उघडं धरायचो.

देण्याची मात्र सवय नाही.
म्हणून बंदराकडे गेलो, इनास सोजकडे.
तो बोटीवर एकवीस वर्षं स्टुअर्ड.
त्याचं घर बक्षिशीवर उभं आहे, तोच दाखवत फिरतो:
"हे चिरे ग्रीकांचे, ती कौलां जर्मनांची,
न्हाणीघर एका अमेरिकन म्हातारीचा."

सोप्यावर त्याने चिंचोके मांडले.
मोठा तो दोन युरो, फुटका तो पन्नास सेंट.
मी गिऱ्हाईक, तो वेटर, खांद्यावर पंचा.
"पॅरिसात बिलातच धरलेला असता.
तरी दोन नाणी ठेव. ठेवताना मोजू नको, वायट दिसता.
इटलीत पावाचे पैशे वेगळे लावतीत,
झगडो घालू नको, ती टीप न्हय.
व्हिएन्नात टेबलार ठेवन पळा नको,
आकडो तोंडान सांग.
आणि आयक, थंय नोट हातात देताना
थँक्यू म्हणा नको.
म्हटलंस काय सुटे परत येवचे नाय.
थँक्यू म्हणजे, रवांदे तुकाच."

मी म्हटलं, पुन्हा सांग.
"थँक्यू म्हणजे, रवांदे तुकाच."

सत्त्याऐंशीचा मे. मार्सेलीन लोबो
अंगणात बांगडे सुकत घालत होती.
माझ्या हातात तार बघून धावत आली,
पोरगा बोटीवरून सुटला, घरी येतोय,
तिने परस्पर ठरवून टाकलं.
ओचा सोडून दोन रुपयांची नोट काढली,
माझ्या मुठीत दाबली, मूठ मिटवली,
देव बरें करूं तुजें, म्हणाली.
मग म्हणाली, वाच.

नोट परत द्यायला मी तीनदा गेलो.
एकदा ती विहिरीवर होती.
एकदा दारात पाद्री बसलेले.
तिसऱ्यांदा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला
आणि मी पाणी पिऊन आलो.

ती नोट अजून माझ्या पेटीत आहे
असं सांगता आलं तर बरं दिसलं असतं.
जूनमध्ये सायकल पंक्चर झाली, त्यात गेली.
हाताला मात्र माशाचा वास
पुढे बरेच दिवस येत होता,
किंवा वेंगुर्ल्यात सगळ्यांच्याच हाताला येतो.

"चुकलंस," इनास चिंचोके गोळा करतो,
"पयल्यापासून." पंचा झटकतो,
पाठ ताठ करून वाकतो,
साठ उलटले तरी काय झोकात वाकतो.
चौदा युरो साठ, सर.

मी रिकामा हात पुढे करतो, त्यात वीसची नोट.
तोंड बंद ठेवायचं, आकडा सांगायचा, बस्स.
समुद्राकडून मच्छीची रिक्षा भोंगा वाजवत येते.

"मेल्या," इनास ओरडतो, "म्हटलंस मां!"

म्हटलं.