चतुःसीमा

दारव्ह्याच्या तहसीलसमोर, कडुनिंबाखाली,
तीस वर्षं माझं टेबल आहे.
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या मतदार यादीची घडी.
पंचफुला नागोसे आली ती बाजाराच्या दिवशी,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत तीन नोटिसा घेऊन.
"वाचा," म्हणाली, "अन् सांगा, माह्यं घर कोनाकडं गहान हाय."

पहिली पतसंस्थेच्या अवसायकाची.
पतसंस्था बुडाली त्याला सात वर्षं झाली,
तिच्या गाळ्यात आता चायनीज मिळतं.
दुसरी बँकेची: पतसंस्थेचं येणं आम्ही घेतलं, आमच्याकडं भरा.
तिसरी इंग्रजीत. मुंबईची कंपनी, अकरावा मजला,
बँकेचं येणं आम्ही विकत घेतलं,
साठ दिवसांत भरा, नाहीतर ताबा.
तिघांचे आकडे तीन.
घर एकच. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी,
जिथं तिच्या नवऱ्याची बॅण्डपार्टी सराव करायची.
कर्ज त्याचंच, दोन क्लॅरिनेट आणि एक मोठा ढोल.
तो गेल्यावर क्लॅरिनेट विकली.
ढोल फाटका, त्यात गहू ठेवते.

"पैसे हायेत," ती हळूच म्हणाली,
"पोरीनं जमवले. पन द्याचे कोनाले?
एकाले देले अन् उद्या दुसरा आला, तं?"

कोर्टात तीन वकील, तीन फायली.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं,
मूळ गहाणखत कुणाकडं आहे?
तिघांनी एकमेकांकडं पाहिलं,
मांडवात मंगळसूत्राची डबी सापडेना की पाहुणे पाहतात तसं.
मग झेरॉक्सची झेरॉक्स दाखल झाली,
तिच्यावरचा शिक्का म्हणजे एक काळा डाग.
पुढची तारीख.

ते खत मी लिहिलं होतं.
निळी शाई, चाळीस रुपये.
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस झिबल कुमरे यांचे घर,
उत्तरेस सार्वजनिक विहीर, दक्षिणेस पडीत जागा.
विहीर बुजवली. पडीत जागेवर मोबाइलचा टॉवर आला.
आणि शेवटी, सगळ्याच खतांत लिहितो तसं, सवयीनं:
'गहाण घेणार, त्यांचे वारस, मुखत्यार व अभिहस्तांकिती'.
तिच्या नवऱ्यानं बोट ठेवून विचारलं होतं,
हा शेवटचा कोन हाय, भाऊ?
"कोणी नाही," मी म्हणालो, "लिहायची पद्धत आहे."

त्या कोणी नाहीच्या फटीतून
घर निघालं, पडवीसकट,
आणि लिफ्टनं अकराव्या मजल्यावर गेलं.

झिबल पतसंस्थेत शिपाई होता.
एका रात्री माझ्या दारात आला, काखेत टॉवेलाचं बोचकं.
कुलूप लागलं तेव्हा सहा महिन्यांच्या पगाराऐवजी
त्यानं लोखंडी कपाट ओढत घरी नेलं होतं,
बायकोला लुगडी ठेवायला.
खालचा खण उघडत नव्हता. या उन्हाळ्यात पोरानं पहार लावली.
आत चौतीस गहाणखतं.

बाराव्यावर माझं अक्षर.
दक्षिणेची बाजू वाळवीनं खाल्लेली.

"म्हंजे," झिबल खाली बसला, "सात वर्षं
शेजारनीचं घर माह्या कपाटात होतं?
अन् मी तिच्याच घरून विरजन मागून नेतो."

चूल दहा पावलांवर होती.
आम्ही दोघांनीही तिच्याकडं पाहिलं.
मी पाहिलं तेव्हा त्यानं पाहिलं,
आणि मग दोघंही चहाकडं वळलो.
जाळलं असतं तर तिघंही
झेरॉक्सवर भांडत राहिले असते,
तिच्या पोरीची पोरं म्हातारी होईपर्यंत.

"कोर्टात ठेवू," मी म्हणालो. "ज्याचं असेल त्यानं सिद्ध करावं."
"अन् मले इचारलं, तुह्याकडं कसं आलं?"
"खरं सांग."
"तं कपाट नेतीन."
"नेतील."

सकाळी टेबलावर कागद घेतला.
अर्जदार: झिबल सोमा कुमरे. वय एकसष्ट. धंदा: काही नाही.
पुढचा रकाना, मिळकतीशी संबंध.
पेन बराच वेळ थांबलं. शाई वाळली, झटकली.
मग लिहिलं:
पश्चिमेस.