दुसरा

फेणीचं खोकं फाडून उलटं अंथरलं
आणि पेन्सिलीने कडा आखत
एकेक भाग ठेवत गेलो, निघाला तसा.
कव्हरचे पाच स्क्रू, त्यातला पाचवा आखूड,
दांडा, रॅचेट, दोन स्प्रिंगा,
आणि आमच्या धंद्यात ज्याला कुत्रा म्हणतात
तो दोन दातांचा पोलादी तुकडा,
झिजून चावायचं विसरलेला.

गाडी कुस्तोद पायलटची.
पिवळा मडगार्ड, उजव्या पायाचे गियर,
एक वर, तीन खाली,
सावर्ड्याच्या स्टेशनाबाहेर एकेचाळीस वर्षं.
खाणी बंद झाल्या, त्यांची धूळ
अजून निघते तिच्या पोटातून.
रॉकेलचा डबा आगळासारखा लाल.

तो समोर खुर्चीत, टोपी गुडघ्यावर उताणी.
"दुसरा पडत नाही."
"कधीपासून?"
"धाकटीचं लग्न झालं तेव्हापासून."
मी मोजलं. सहा वर्षं.
सहा वर्षं हा माणूस पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जातोय,
जशी घरातली सैल पायरी
अंधारातही आपण न मोजता चुकवतो.

खोलणं सोपं असतं.
बसवताना कळतं, प्रत्येक तुकड्याला तोंड आहे
आणि ते आपल्याकडे नाही.
नवा कुत्रा उलटा बसला, दांडा हलेना.
पुन्हा काढला.
तेवढ्यात स्प्रिंग उडाली.
साईश टॉर्च घेऊन गाडीखाली,
मी टायरांच्या ढिगात,
अर्धा तास.
शेवटी कुस्तोदने टोपी पुढे केली. स्प्रिंग आत.
"मला वाटलं, तुमची पद्धत असेल."

मग ती पट्टी.
दोन बोल्ट ढिले करायचे, पट्टी केसभर सरकवायची.
केस कुणाचा? उस्ताद म्हणायचे,
तुझ्या डोक्यावरचा नव्हे, जावळातला.
डाव्या हाताने चाक फिरवत, उजव्याने दांडा दाबत:
पहिला. न्यूट्रल. दुसरा कुठेच नाही.
सरकव.
दुसरा आला, तिसरा गेला.
सरकव.
संध्याकाळचा पदेर पोंपों करत येऊन गेला,
पाव घ्यायचे राहिले.
सरकव.
टक्. टक्. टक्. टक्.

ग्रीस भरलं, कव्हर लावलं,
आखूड स्क्रू त्याच्या भोकात.
खोक्यावर एक वायसर उरला.
त्याच्याभोवती पेन्सिलीची रेघ नव्हती.
कुणी बघायच्या आत खिशात टाकला.

कुस्तोद काकोड्याच्या चढावर गेला
आणि दहा मिनिटांत परत आला.
"दुसरो येता मरे!"
तक्रार केल्यासारखा.
"पहिल्यात नुसता आरडाओरडा असायचा,
तिसऱ्यात गाडी मरायला टेकायची, मी रस्त्याकडेच बघायचो.
आज हळू गेलो.
वळणावरच्या घराला निळा रंग कधी दिला?"
मला ठाऊक नव्हतं. साईश म्हणाला, झाली की चार वर्षं.
"पण पाय ऐकत नाही," कुस्तोद म्हणाला.
"तो अजून उडी मारतो. त्याला काय करायचं?"
पायाचं काम मी करत नाही, म्हटलं.
शंभर कमी देऊन गेला.

वायसर अजून खिशात आहे.
घरी धुण्याआधी तो बाहेर निघतो,
सकाळी पुन्हा आत जातो.
चढावर बुलेट वाजली की हातातला पाना थांबतो
आणि मी ऐकतो:
पहिला.
मग जरा चाचपडून, दुसरा.
काही दिवस
थेट तिसरा.