अर्धा दाणा

सानपाड्याच्या लॅबमध्ये दुपारी तीनला लाइट गेली
आणि जेल अर्ध्यात थांबली.
पट्टे होते तिथेच उभे,
रंगवण्याआधीचे, न दिसणारे.

नमुने नऊ.
पाच वाशीच्या दाणाबंदरातले.
पोत्यांवर नावं पाच, भाव पाच,
आत (हे मागच्या आठवड्यात कळलं) वाल एकच,
एकाच हातानं पाचदा गिरवल्यासारखा.

उरलेले चार मुरबाडकडचे, धसईच्या पुढचे,
चांगुणा शिदच्या वाळल्या भोपळ्यातले, राखेत ठेवलेले.
मी एकाच पाकिटात भरायला लागले
तर तिनं मनगट धरलं.
"मिसळू नको, बाय. ह्यो माहेरचा. ह्यो इथला.
ह्यो बांधावर आपसूक आलेला.
न् ह्यो सासूचा, उगाच ठेवलाय.
लवकर शिजत नाय."
मला चारही सारखेच दिसले,
तांबूस, चपटे, पांढऱ्या काठाचे.

सासूचे दाणे पाचच.
ओळख पटवायची तर कुटावं लागतं,
खलात, बर्फावर, थेंब थेंब बफर घालून.
प्रोटोकॉलमध्ये हे एका ओळीचं काम.
मी तीन दिवस लांबवलं.

चौथ्या संध्याकाळी आईसोबत बिरडं सोलत बसले.
अंगठ्याखालून दाणा सुळकन निसटला,
फाका सुटल्या,
आणि मोड राहिला एका टोकाला बिलगून.
म्हणजे जीव एवढासाच.
बाकीचा नुसता शिधा.

सकाळी ब्लेडनं शिधा तेवढा कापून घेतला.

साडेचारला लाइट आली.
जेल निळ्यात बुडवली, रात्रभर धुतली.
माहेरचा आणि इथला दोन पट्ट्यांनी वेगळे निघाले.
बांधावरचा इथल्याचाच.
सासूच्या ओळीत मात्र अगदी खाली
एक बारीक पट्टा, जो कुणाकडेच नाही.
वहीत लिहिलं: नमुना नऊ, पट्टा सातवा, एकमेव.
लवकर शिजत नाही,
हे लिहायला रकाना नव्हता.

नेरूळला, चौथ्या मजल्यावर, ग्रिलच्या आत
आइस्क्रीमच्या डब्यात
पाच अर्धे दाणे पेरले.
तीन वर आले. एकाचं पान जरा वाकडं.

चांगुणाला फोन लावला.
थोडा वेळ नुसती कोंबड्यांची कलकल.
मग म्हणाली,
"अर्धाच पेरलास?
बरं. शेंगा तरी पुऱ्या दे म्हणावं त्याला."